ऐकणारं माणूस

नवीन पनवेलच्या त्या इमारतीत तळमजल्यावरचं घर बरेच दिवस बंद होतं. एकोणनव्वदची दिवाळी झाली आणि एका टेंपोतून पुस्तकांची खोकी, वेताची एक आरामखुर्ची आणि डॉ. विनायकराव सबनीस असे सगळे एकदमच उतरले.

सत्यजीत देवस्थळीनं वरच्या गॅलरीतून ते पाहिलं. हातातला चहा तसाच कठड्यावर ठेवून तो खाली धावला. तो पनवेलच्या कॉलेजात इतिहास शिकवत होता. त्याआधी सहा वर्षं तो फोर्टातल्या विद्यापीठात याच सबनीस सरांचा संशोधक विद्यार्थी होता. प्रबंध पुरा झाला नाही. तो परत करताना सर एवढंच म्हणाले होते, "देवस्थळी, चिकाटी आहे तुमच्यात. कान नाही." त्याचा अर्थ त्याला तेव्हा कळला नव्हता, आणि पुढे विचारायची हिंमत झाली नव्हती.

काचबिंदूनं सरांची नजर जवळजवळ गेली होती. त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"देवस्थळी ना? बरं झालं. मला लिहून घेणारं माणूस हवंच होतं."

विद्यापीठाचा इतिहास लिहायचं काम सरांकडे आलं होतं. सव्वाशेच्या वर वर्षं झालेली संस्था. तिथे विद्यार्थी म्हणून, अध्यापक म्हणून आणि शेवटी विभागप्रमुख म्हणून आयुष्य काढलेला दुसरा माणूस हयात नव्हता. घर मस्कतला असलेल्या पुतण्याचं होतं. मुंबईच्या गोंगाटात डोकं चालत नाही म्हणून सर इकडे आले होते. सत्यजीतला वाटलं, आपलं राहिलेलं काहीतरी आता पुरं होणार.

तो रोज कॉलेज सुटल्यावर तळमजल्यावर जाऊन बसू लागला. सर डोळे मिटून सांगायचे. अठराशे सत्तावन्नचा कायदा, पहिल्या विद्याशाखा, कुठलं कॉलेज कधी संलग्न झालं, कुठल्या ठरावावर कोण भांडलं. तो लिहून घ्यायचा. मजकूर अचूक होता आणि वाळलेल्या पानासारखा कोरडा होता. सत्यजीत मध्ये मध्ये विचारायचा, "सर, याला संदर्भ कुठला देऊ?" सर थांबायचे, सुस्कारा टाकून पुढे जायचे.

फेब्रुवारीत सत्यजीतला पेपर तपासायला मुंबईला जावं लागलं. तेवढे दिवस सरांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला त्यानं बायकोला, अनुयाला सांगितलं. ती पेणची. बी. ए. झालेली. एम. ए.ला विद्यापीठात नाव घालायचं ठरलं होतं, तेवढ्यात लग्न जमलं. त्याबद्दल ती कधी काही बोलली नव्हती.

तो परतला तेव्हा अनुया स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. दूध उतू जाऊन गॅसवर करपलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "विद्यापीठाच्या हॉलच्या खिडक्यांच्या रंगीत काचा बोटीतून आल्या ना, तेव्हा त्या गवतात गुंडाळलेल्या होत्या. त्या गवताला मेंढ्यांचा वास येत होता."

"कोण म्हणालं?"

"सर."

"सरांचा जन्म एकोणीसशे आठचा. काचा त्याच्या कितीतरी आधीच्या."

"हो," ती म्हणाली. "पण वास येत होता."

संध्याकाळी तो खाली गेला. सरांनी त्याची चाहूल लागताच मान वळवली. "देवस्थळी, उद्यापासून तुमच्या मिसेसना पाठवा. तुम्हाला कॉलेजचं काम असतंच."

"सर, मला काही अडचण नाही. मी येतो ना."

"त्यांना पाठवा," सर म्हणाले.

त्यानंतर अनुया रोज दुपारी खाली जाऊ लागली. आधी वही-पेन नेत असे, मग नुसतीच जाऊ लागली. सत्यजीत घरी यायचा तेव्हा थर्मासमध्ये चहा भरून ठेवलेला असायचा. तो गॅलरीत बसून प्यायचा. समोर प्रबळगड उन्हात पिवळा पडलेला असायचा, हायवेवरून कळंबोलीकडे लोखंडी सळयांचे ट्रक खडखडत जायचे. त्या आवाजातूनही त्याला तळमजल्यावरचा सरांचा आवाज ऐकू यायचा. शब्द कळायचे नाहीत. नुसती लय. सहा वर्षांत त्यानं सरांचा हा आवाज एकदाही ऐकला नव्हता. वर्गात नाही, खोलीत नाही. मधूनच अनुया हसायची. तसं हसणंही त्याच्या ओळखीचं नव्हतं.

"लिहून काय घेतलंस?" तो विचारायचा.

"तारखा तुमच्याकडे आहेतच ना. हे लिहायचं नसतं."

"मग काय करायचं असतं?"

"ऐकायचं."

मग कधी जेवताना, कधी कपड्यांच्या घड्या घालताना ती काहीतरी बोलून जायची. चुन्याच्या घाण्याभोवती फिरणाऱ्या बैलाच्या मानेवर पांढरी पुटं चढायची. ग्रंथालयाच्या गोल जिन्याची एक पायरी बांधतानाच तिरकी बसली आणि मिस्त्रीनं ती तशीच ठेवली. प्लेगच्या वर्षी परीक्षेला एक बाक रिकामं होतं, मुलगा आदल्या रात्री गेला होता. तरी पर्यवेक्षक रोज त्या बाकावर उत्तरपत्रिका ठेवत होते आणि वेळ संपल्यावर उचलत होते. पहिली मुलगी परीक्षेला बसली तेव्हा तिनं बांगड्या वाजू नयेत म्हणून त्यांना रुमाल बांधला होता. रुमालाला निळी किनार होती.

यातलं काही कुठल्याच पुस्तकात नव्हतं. सत्यजीतनं शोधून पाहिलं होतं.

"हे सरांना कसं माहीत?"

"त्यांना त्यांच्या सरांनी सांगितलं. त्यांना त्यांच्या." ती घडी घातलेली चादर हातानं दाबत राहिली. "एकालाच सांगायचं असतं."

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. सहा वर्षं. रोज सकाळी सरांच्या खोलीबाहेर उभं राहायचं, त्यांची पुस्तकं बांधून आणायची, त्यांच्या शब्दाला मान डोलवायची. तेव्हा हे सगळं त्या माणसात होतं, आणि त्यानं त्याला कायदे आणि ठराव दिले होते. आणि हिला, जिनं त्या इमारतीत एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं, तिला काचांभोवतीच्या गवताचा वास दिला होता.

सोनाबाई दोन्ही घरची झाडलोट करायची. एक दिवस तिनं सूप भरून पांढरी भुकटी आणून दाखवली. तीत दगडाच्या बारीक कपच्या होत्या.

"आमी रोज झाडतो, रोज ह्यो चुना निघतो सरांच्या खोलीत. भिंत तर चांगली हाय, कुठं पडलेली नाय. ताईंच्या खुर्चीखालीच असतो."

सत्यजीतनं चिमूट बोटात घेतली. दमट होती, आणि गार. बाहेर एप्रिलचं ऊन होतं.

त्याच आठवड्यात तो सरांना भेटायला गेला. अनुया बाजारात गेली होती. त्यानं मुद्दाम काचांचा विषय काढला.

"कुठल्या काचा?" सर म्हणाले.

"हॉलच्या. रंगीत."

सर विचारात पडले. खरोखरच विचारात पडले. "हॉलला खिडक्या होत्या का?"

त्यानं ग्रंथालयाबद्दल विचारलं. सरांनी मान हलवली. ज्या दालनात या माणसानं उभं आयुष्य बसून काढलं होतं त्याचा रंगही त्यांना सांगता आला नाही. पण चेहऱ्यावर दुःख नव्हतं. कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घ्यावं तसे ते सैल बसले होते.

म्हणजे सांगितलेलं त्यांच्याकडे राहत नव्हतं. जे तिच्याकडे जात होतं ते जातच होतं.

जून-जुलैत सर पार आटत गेले. दिवाळीच्या आधी पुतण्या आला आणि त्यांना पुण्याला घेऊन गेला. टॅक्सीत बसवताना अनुयानं वाकून नमस्कार केला. सरांनी तिच्या दिशेला हसून हात जोडले, एखाद्या अनोळखी भल्या माणसाला जोडावेत तसे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

"त्यांचं झालं आता," ती म्हणाली, आणि जिना चढू लागली. वर पोचेपर्यंत तिनं एकदा पाय अडखळल्यासारखा उचलून टाकला. त्या जिन्याच्या सगळ्या पायऱ्या सारख्या होत्या.

मग ती मधूनच बोलता बोलता थांबू लागली. मान किंचित वर करायची, आणि काही क्षणांनी वाक्य पुढे न्यायची. सत्यजीतनं घड्याळाकडे पाहिलं. दर पाव तासाला. आसपास टोले देणारं घड्याळ नव्हतं. ते फोर्टात होतं, विद्यापीठाच्या मनोऱ्यावर. पनवेलला कधीच नव्हतं.

भाऊबीजेला पेणहून तिचा भाऊ इंद्रजीत आला. तिनं पाट मांडला, ओवाळलं, करंज्यांची ताटली पुढे केली. तो आईच्या गुडघ्यांचं, शेजारच्या गणपतीच्या कारखान्याचं बोलत होता. ती हसत ऐकत होती. मग ती आत गेली आणि तिनं सत्यजीतला खूण करून बोलावलं.

"हे कोण गृहस्थ?" तिनं हळू आवाजात विचारलं. "छान आहेत. पण बोलताहेत कोणाबद्दल?"

सत्यजीतच्या अंगावर काटा आला. आणि त्या भीतीच्याही आत, अगदी खाली, एक निराळीच कळ उठली. केवढं असेल ते, की त्याला जागा करून द्यायला हिचं सगळं पेण बाहेर पडावं! आपल्यात आयुष्यात कधी एवढं काही शिरलं नाही.

इंद्रजीतला त्यानं बरं नाही म्हणून सांगितलं. तो गेल्यावर सत्यजीत तिच्यासमोर बसला.

"अनुया, तुला तुझी आई आठवते?"

"नाही."

"भीती नाही वाटत?"

"कशाची?" तिनं साधेपणानं विचारलं. "अहो, तुम्ही सहा वर्षं तिथे गेलात. मी एकदासुद्धा आत गेले नाही. बाबा म्हणाले, स्थळ चांगलं आहे, शिक्षण काय पुढेही होईल. आता मी तिथल्या प्रत्येक दारातून आत गेलेली आहे. त्याच्याबदल्यात जे गेलं त्यात ठेवण्यासारखं काय होतं?"

"मी होतो," तो म्हणाला.

तिनं करंज्यांची ताटली उचलली आणि आत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो कॉलेजातून आला तेव्हा ती सरांच्या वेताच्या खुर्चीत बसली होती. पुतण्यानं ती मागे सोडली होती; सोनाबाईकडून तिनं वर आणवली होती. तिनं मान वळवली. डोळे मिटलेले होते.

"देवस्थळी ना?" ती म्हणाली. "बसा."

आवाज तिचाच होता. त्यामुळेच तो दारात थिजला.

"प्रबंध परत मिळाला त्या दिवशी तुम्ही गोल जिन्यात उभं राहून रडलात. वरच्या वळणावर मी उभा होतो. तुम्हाला दिसलो नाही."

हे त्यानं कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

"सरांना काय वाटलं?" त्यानं विचारलं. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "माझी कीव आली?"

ती जरा थांबली. आत कुठेतरी शोधल्यासारखी.

"नाही. कंटाळा आला होता."

त्या दिवसापासून सत्यजीत तिच्या मागे लागला. मला सांग. आधी गोडीनं, मग रागानं. मग त्यानं बोलणं सोडलं, ताटावरून उठू लागला. शेजाऱ्यांना वाटलं नवराबायकोचं काहीतरी बिनसलंय. तिच्याकडे बघताना त्याच्या मनात यायचं, ही माझी जागा आहे. ही माझ्या जागेवर बसली आहे. कधीकधी रस्त्यात तिला पाहून त्याला क्षणभर वाटायचं, ही माझी बायको नाही, माझ्याऐवजी निवडलेली दुसरी विद्यार्थिनी आहे.

"तुम्हाला दिलं तर माझ्याकडे काहीच उरणार नाही," ती एकदा म्हणाली. "माझं स्वतःचं तर गेलंच आहे."

"मी आहे ना तुला."

"तुम्ही असाल?" तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत सर नव्हते, दुसरं कुणी नव्हतं, पेणहून लग्न होऊन आलेली तीच होती. "त्याला जागा लागते. काय जाईल ते आपल्या हातात नसतं. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"आणि तरी हवंय?"

"हवंय."

तिनं खिडकी लोटून घेतली. मग म्हणाली, "सुट्टी लागू दे."

मे महिना लागला. दुपारी दारं-खिडक्या लावून ती खुर्चीत बसायची, तो समोर जमिनीवर. पहिल्या दिवशी त्यानं सवयीनं विचारलं, "हे कोणत्या साली?" ती गप्प झाली आणि त्या दिवशी पुन्हा बोललीच नाही. त्यानंतर त्यानं तोंड उघडलं नाही.

आणि मग त्याला ऐकू येऊ लागलं.

ओल्या चुन्याचा वास आला. दगडावर छिन्नीचा ठोका. शिडीवरून कुणीतरी खाली हाक मारली आणि ती हाक त्याच्याच गळ्यातून गेल्यासारखी वाटली. बोटीतून आलेलं गवत सोडवताना ते तळहाताला टोचलं. रंगीत काचेतून पहिल्यांदा ऊन आत आलं तेव्हा तो तिथे होता, फरशीवर पडलेला लाल डाग त्यानं बुटानं पुसायचा प्रयत्न केला.

इतकं सुख त्याला कधी झालं नव्हतं.

रोज संध्याकाळी तो उठायचा तेव्हा काहीतरी कमी झालेलं असायचं. आधी गावाकडच्या विहिरीकडे जाणारी वाट गेली. मग वडिलांचा आवाज. मग स्वतःचा प्रबंध, त्यातला शब्द न् शब्द. त्याचं तर त्याला हलकंच वाटलं. एकदा तो दूध आणायला खाली उतरला आणि कुठल्या दिशेला जायचं ते कळेना म्हणून परत वर आला. त्यानं तिला ते सांगितलं नाही. सांगितलं तर ती थांबेल अशी भीती वाटली.

अनुयाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत चालला होता. टोल्यांसाठी ती आता थांबत नव्हती. तो थांबत होता.

प्लेगचं वर्ष आलं. त्यानं रिकाम्या बाकावर उत्तरपत्रिका ठेवली, वेळ संपल्यावर उचलली.

कोरी नव्हती.

पुढे किती दुपारी गेल्या कुणास ठाऊक. एकदा ती बोलता बोलता म्हणाली, "एवढंच." आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

तो सावकाश उठला. त्याच्या आत लांबलचक दालनं होती, उंच छतं होती, हजारो मुलं खाली मान घालून लिहीत होती. सगळं जागच्या जागी होतं. काही म्हणजे काही सुटलं नव्हतं. एवढ्या मोठ्या वास्तूतून तो बाहेर पाहत होता, आणि समोर एका लहानशा खोलीत एक बाई वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. चाळिशीच्या आसपासच्या. चेहरा प्रसन्न होता.

त्यानं सदरा नीट केला.

त्या बाई उठल्या. जरा गोंधळल्यासारख्या आजूबाजूला पाहू लागल्या. मग आतल्या बाजूला ओटा दिसला तशा तिकडे गेल्या, डबे उघडून पाहू लागल्या. थोड्या वेळानं दोन कप घेऊन आल्या.

"साखर किती घेता ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"चालेल, कशीही," तो म्हणाला.

दोघांनी चहा घेतला. बाहेर ऊन उतरलं होतं. त्या बाई अवघडून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. पाहुण्यांना कधी उठायचं ते कळायला हवं, असं त्याच्या मनात आलं.

"बराच वेळ घेतला तुमचा," तो म्हणाला. "निघतो मी. मला फोर्टात जायचंय."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकलेला त्याला जाणवला. त्या दारापर्यंत पोचवायला आल्या. "या पुन्हा."

चपला कुठल्या ते त्याला ओळखू येईना. दारात एकच पुरुषी जोड होता, तो त्यानं पायात घातला. बरोबर बसला.

जिन्यात येऊन त्यानं मागे पाहिलं. दारावर लाकडी पाटी होती, तिच्यावर नवराबायकोची नावं कोरलेली. देवस्थळी. त्यानं ती सभ्यपणे वाचली.

बाईंनी दार लोटलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.